चकवा, साठ हजार डॉलर आणि तुमचे झोपलेले मित्र

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. चार मित्र, सहा लाख रुपये, एक बरा कॅमेरा आणि देवगडच्या आतल्या बाजूला एकाच्या मामाचं घर. विषय चकवा. खऱ्या डॉक्युमेंटरीसारखी दिसणारी खोटी डॉक्युमेंटरी, म्हणजे मॉक्युमेंटरी करायची आहे. तयारी म्हणून होस्टेलवर १९९९ चा 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' लावलात (हेदर, जॉश आणि माइक हे तीन तरुण एका चेटकिणीवर डॉक्युमेंटरी करायला जंगलात जातात, हरवतात, आणि मागे फक्त त्यांचं फुटेज सापडतं, ती गोष्ट), तर दोघं झोपले आणि तिसरा म्हणाला, "नुसती झाडं आणि आरडाओरडा." आणि याच सिनेमाने साठ हजार डॉलरच्या भांडवलावर जवळपास पंचवीस कोटी डॉलर आणले, हेही तुम्ही वाचलंय. तर तेव्हाच्या लोकांना यात काय दिसलं, आणि आपण त्याच वाटेने गेलो तर आपलं काय होईल?

मी एडिटर आहे. बावीस वर्षांत डॉक्युमेंटऱ्या, मालिका, जाहिराती आणि मधूनमधून भुतंखेतंही कापली आहेत. त्यामुळे माझं उत्तर एडिटच्या खुर्चीतून आलेलं आहे. एखादा कॅमेरामन तुम्हाला वेगळं सांगेल आणि त्याचंही खरं असेल.

तुमचे मित्र चुकलेले नाहीत, हे पहिल्यांदा सांगतो. १९९९ च्या जुलैत अमेरिकेतल्या थिएटरांमधूनही बरेच लोक असेच वैतागून बाहेर पडले होते. तिकडे सिनेमास्कोर नावाची संस्था सिनेमा लागला की प्रेक्षकांकडून शाळेसारखी श्रेणी घेते. ब्लेअर विचला 'सी प्लस' मिळाली, म्हणजे काठावर पास. समीक्षकांनी मात्र डोक्यावर घेतला. रॉजर ईबर्टने चारपैकी चार तारे दिले. सिनेमातल्या हेदर डोनाह्यूला वर्षातल्या सगळ्यात वाईट अभिनेत्रीचा रॅझी मिळाला, आणि त्याच मोसमात कमी पैशांतल्या सिनेमासाठी असलेला इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कारही याच सिनेमाला मिळाला. हलत्या कॅमेऱ्याने कुणाला मळमळलं, तर कुणाला आठवडाभर रात्री झोप लागली नाही. म्हणजे 'तेव्हाच्या लोकांना आवडला' हे अर्धंच खरं आहे. तेव्हाच्या लोकांना तो बघायचाच होता, एवढं मात्र पूर्ण खरं.

आणि तुमची अडचण नेमकी इथे आहे. प्रश्न तुम्ही पैशाच्या भाषेत विचारलाय, पण तुमच्या मित्रांपाशी नव्हतं ते एकच: १९९९ चा प्रेक्षक खुर्चीत बसायच्या आधीच अर्धा सिनेमा बघून आलेला होता.

कसा, ते सांगतो. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ हे दोन दिग्दर्शक, फ्लोरिडातल्या एकाच विद्यापीठात सिनेमा शिकलेले. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये मेरीलँडच्या जंगलात आठ दिवसांत त्यांनी शूट उरकलं. पण शूटिंगच्या आधी त्यांनी चेटकिणीचा अख्खा इतिहास रचून ठेवला होता. अठराव्या शतकात गावाबाहेर काढलेली बाई, मग मुलांचं गायब होणं, मग १९४० च्या दशकातला मुलांचा खुनी. पुढे वेबसाइट निघाली, तिच्यावर हा इतिहास तारखांसकट, जुने फोटो आणि पोलिसांच्या कागदांसारखे कागद लावून मांडला. जानेवारी १९९९ मध्ये सनडान्स महोत्सवात सिनेमा दाखवला तेव्हा तिथे 'बेपत्ता' म्हणून तिन्ही कलाकारांच्या फोटोंचे कागद वाटले. आर्टिझन या वितरण कंपनीने तो अकरा लाख डॉलरला घेतला. रिलीजच्या तोंडावर साय-फाय वाहिनीवर एक वेगळी खोटी डॉक्युमेंटरी दाखवली, तज्ज्ञांच्या मुलाखती वगैरे घालून. कलाकारांनी सिनेमात स्वतःचीच नावं वापरलेली, आणि त्यांना म्हणे प्रसिद्धीपासून लांब राहायला सांगितलेलं. हेदरच्या आईला सांत्वनाची कार्डं आली होती!

आता यातली एक गंमत, जी तुमच्या फार कामाची आहे. मूळ बेत नुसत्या 'सापडलेल्या फुटेज'चा नव्हताच. बेत होता मॉक्युमेंटरीचाच: मुलाखती, बातम्या, इतिहासकार, आणि मधे मधे जंगलातलं फुटेज. कापायला बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की जंगलातलं फुटेज एकटंच उभं राहतंय. मग बाकीचं सगळं बाहेर काढलं, आणि त्यातलंच बरंचसं त्या टीव्ही कार्यक्रमात वापरलं. म्हणजे समजावून सांगणारा भाग वेबसाइट आणि टीव्हीवर गेला, घाबरवणारा भाग थिएटरात राहिला. तुमच्या मित्रांनी होस्टेलवर फक्त दुसरा भाग पाहिला, तोही ट्यूबलाइट चालू ठेवून आणि लॅपटॉपच्या स्पीकरवर, असा माझा अंदाज आहे. आमटीशिवाय नुसता भात वाढलात आणि चव का नाही म्हणून विचारताय.

आता पैशांचं पटकन. साठ हजार डॉलर म्हणजे त्या काळच्या दराने वीस-पंचवीस लाख रुपये. पण हा आकडा कच्च्या मालाचा. विकत घेतल्यावर आवाज नव्याने मिक्स झाला, ३५ एमएमवर प्रिंट निघाली आणि जाहिरातीवर त्याच्या कित्येक पट खर्च झाला. 'इतक्यात केला, इतके मिळाले' हे गणित घरच्यांना पटवायला ठीक आहे, बजेट आखायला नको.

मग तुम्ही काय करायचं? तसलीच अफवा उडवायची का? माझं स्पष्ट उत्तर: अजिबात नाही. १९९९ मध्ये इंटरनेटवरची गोष्ट खोटी असू शकते याची लोकांना सवय नव्हती आणि तपासायची साधनंही फार नव्हती. आज तुमच्या हिरोचं इन्स्टा दोन मिनिटांत सापडेल, ही झाली साधी अडचण. खरी अडचण गंभीर आहे. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं. ज्या राज्यात व्हॉट्सॲपवरून हे होऊ शकतं, तिथे 'तीन तरुण देवगडच्या रानात बेपत्ता' असले कागद चिकटवायचे नसतात. पोलीस दारात येतील तो भाग निराळाच. शिवाय ब्लेअर विचची गोष्ट ज्या बर्किट्सविलमध्ये घडते, त्या खऱ्या गावाला सिनेमाचा किती ताप झाला बघा, गावाच्या नावाच्या पाट्यासुद्धा लोक चोरून नेत होते. तुमच्या मित्राचे मामा त्या गावात पुढेही राहणार आहेत.

पण तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी मायरिक-सांचेझकडे नव्हती, आणि ती तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. सिनेमाचा मधला भाग आठवा. तिघं दिवसभर दक्षिणेकडे चालतात आणि शेवटी सकाळी ओलांडलेल्या ओढ्यावरच्या त्याच ओंडक्यापाशी येऊन पोचतात. हा चकवाच आहे हो! मेरीलँडच्या प्रेक्षकासाठी त्यांना दोनशे वर्षांचा इतिहास रचावा लागला. देवगडच्या, चिपळूणच्या, अगदी डोंबिवलीत वाढलेल्या माणसाच्याही कानावर आजीने हे घालून ठेवलंय. तुमची वेबसाइट आजीने आधीच बनवली आहे. तिच्यावर काम करा. पहिल्या वीस मिनिटांत तुम्हाला एवढंच करायचंय की प्रेक्षकाला ते आजीचं वाक्य परत ऐकू आलं पाहिजे.

ते कसं होतं, हे माझ्या एका फसलेल्या कामावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी चाळीस मिनिटांची एक मॉक्युमेंटरी माझ्याकडे कापायला आली. कोकणातला वाडा, रात्रीचे आवाज, नेहमीचंच. दिग्दर्शक हुशार पण घाबरलेला. प्रत्येक मुलाखतीखाली त्याने तो 'घूंऽऽऽ' करणारा आवाज घातला होता. गावचे वयस्कर गृहस्थ म्हणून ज्यांना घेतलं होतं, ते गृहस्थ पडद्यावर आले आणि तिसऱ्या सेकंदाला मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, हा तर त्या मालिकेतला सासरा!" सगळं सभागृह हसलं. पुढची पस्तीस मिनिटं लोक हसायच्या जागा शोधत बसले.

पण त्याच फिल्ममध्ये एक शॉट होता. गावातली खरी मावशी, पडवीत सुपात तांदूळ पाखडत बसलेली. तिला विचारलं, चकवा लागला तर काय करायचं? ती पाखडता पाखडताच म्हणाली की चालत राहायचं नाही, आहे तिथंच बसायचं उजाडेपर्यंत. मग विचारलं, तुम्हाला कधी लागला होता का? सुपाचा आवाज थांबला. ती गोठ्याकडे बघत राहिली. चार सेकंद. मग म्हणाली, "तिनसांजेचा थय जाव नको," आणि परत पाखडायला लागली. दिग्दर्शकाला ते चार सेकंद कापायचे होते, 'डेड स्पेस' म्हणून. मी भांडून ठेवले. सभागृह एकदाच पूर्ण गप्प झालं ते तिथे.

ब्लेअर विचमध्येही याचंच भावंड आहे. सुरुवातीच्या मुलाखतींत एक बाई लहान मुलीला कडेवर घेऊन चेटकिणीबद्दल सांगत असते, आणि ती मुलगी आईच्या तोंडावर हात ठेवते. बोलू नको म्हणून. असलं लिहून होत नाही. झालं की ते ओळखून ठेवायचं असतं. म्हणून माझा पहिला सल्ला: कलाकारांच्या आधी खऱ्या माणसांच्या मुलाखती घ्या. त्यांना गोष्ट पढवू नका. त्यांची लेखी परवानगी घ्या, आणि भुताच्या सिनेमासाठी आहे हे स्पष्ट सांगून घ्या. पन्नास मिनिटं ऐकाल तेव्हा चार सेकंद मिळतील.

दुसरी गोष्ट शेवटाची. ब्लेअर विचचा शेवट तुमच्या मित्रांना 'काहीच झालं नाही' असा वाटला असणार. पडक्या घराचं तळघर, माइक कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा, कॅमेरा पडतो, संपलं. सुरुवातीला दाखवला तेव्हाही लोकांना तो कळला नव्हता. कंपनीने दुसरे शेवट सुचवले, काही चित्रितही झाले. पण दिग्दर्शकांनी शेवट तसाच ठेवला आणि सुरुवातीच्या मुलाखतींत भर घातली: तो खुनी मुलांना दोघा-दोघांना न्यायचा, आणि एकाला मारताना दुसऱ्याला कोपऱ्यात तोंड करून उभं करायचा. बस. एक वाक्य तासभर आधी पेरलं आणि शेवटची पाच सेकंदं अंगावर आली. ज्याचं ते वाक्य निसटलं (जेवणाचा डबा उघडत होता, मेसेज बघत होता) त्याच्यासाठी तो फक्त भिंतीकडे बघणारा एक माणूस आहे. हा सिनेमा अर्ध्या लोकांना का भिडतो आणि अर्ध्यांना का नाही, याचं माझ्या मते निम्मं उत्तर इथेच आहे.

तुमच्याकडे ते पेरायचं वाक्य तयार आहे: 'आहे तिथंच बसायचं.' आता शेवटी कुणीतरी बसलेला दिसला तर काय होईल, ते तुम्ही ठरवा. मी सुचवतोय म्हणून तसंच करू नका.

तिसरी गोष्ट, भूत दाखवायचं की नाही. तंबू हलतो, बाहेर टेपवर लहान मुलांचे आवाज लावलेले, तिघं धावत सुटतात, हेदर काहीतरी बघून किंचाळते, तो प्रसंग आठवतो? तिथे खरोखर एक माणूस पांढऱ्या कपड्यांत, तोंडावर कापड ओढून उभा केला होता. कॅमेरा त्याच्याकडे वळलाच नाही. तो सीन परत घेतला नाही, आणि बरं झालं. हेदरचा तो प्रसिद्ध क्लोजअपही तसाच, अर्धा चेहरा, डोळा आणि वाहणारं नाक. तिला वाटत होतं पूर्ण चेहरा फ्रेममध्ये आहे. म्हणजे नशीब होतं का? थोडं होतं. पण जवळपास वीस तासांच्या रशेसमधून, म्हणजे कच्च्या फुटेजमधून, एक्क्याऐंशी मिनिटं काढताना हे दोन 'चुकलेले' शॉट ठेवायची अक्कल लागते. तुम्हीही एकास पंधरा या हिशेबाने शूट करा आणि कापायला निदान तीन-चार महिने ठेवा. कार्ड स्वस्त आहेत, वेळ फुकट नाही.

कॅमेऱ्याबद्दल फारसं सांगत नाही. त्यांनी हाय-एट व्हिडिओ आणि काळा-पांढरा १६ एमएम वापरला. तुमच्या हातातला फोन त्याहून साफ दिसतो, आणि तीच तुमची पंचाईत आहे. फार साफ असलं की मालिकेसारखं दिसतं. आवाज मात्र जपा. पार्श्वसंगीत नको, एक ठिपकाही नको. तुमच्या बजेटमधला सगळ्यात मोठा हिस्सा साउंड रेकॉर्डिस्टला द्या, आणि त्याला रोज रात्री शूट संपल्यावर अर्धा तास एकटं सोडा, नुसतं रान रेकॉर्ड करायला. कोकणात रातकिडे इतके अखंड ओरडतात की आपल्याला ते ऐकू येणं बंद होतं. एडिटमध्ये मी ते हळूच कमी करत शून्यावर आणतो तेव्हा प्रेक्षक मान वर करतो. काय बदललं ते त्याला सांगता येत नाही.

बाकी बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे, ते मी घरबसल्या ठरवू शकत नाही. थिएटरात किंवा महोत्सवात दाखवणार असाल तर संथ सुरुवात चालेल. थेट यूट्यूबवर टाकणार असाल तर मावशीचे चार सेकंद पहिल्या दोन मिनिटांत आणा, नाहीतर लोक निघून जातात. चौघांपैकी कुणाला अभिनय येतो का, यावर संवाद लिहायचे की नाही ते ठरतं. त्यांनी सुमारे पस्तीस पानांचा आराखडा केला होता, संवाद नव्हते. कलाकारांना डब्यांमधून वेगवेगळ्या चिठ्ठ्या द्यायचे, एकाला दुसऱ्याची चिठ्ठी माहीत नसायची. हे जरूर उचला, फार स्वस्त आणि फार चांगलं आहे. कलाकारांचं जेवण रोज कमी करत नेलं होतं, ते मात्र उचलू नका. आणि हरवण्याचं कारण नीट ठरवा. त्यांचा नकाशा माइकने ओढ्यात टाकला होता. तुमच्या पात्रांच्या खिशात फोन आहे. रेंज नसली तरी जीपीएस चालतं, हे आता शाळकरी मुलाला कळतं. 'नेटवर्क नाही' एवढ्यावर भागवलंत तर पहिली कॉमेंट तीच येईल. उलट जीपीएस चालू आहे, निळा ठिपका बरोबर दिसतोय, आणि माणसं तरी त्याच वडापाशी येतायत, असं केलंत तर मी तरी बघीन.

कॅमेरा चालू का आहे, हा प्रश्न दर सीनला स्वतःला विचारा. घाबरलेला माणूस कॅमेरा टाकून पळतो. ब्लेअर विचमध्ये यावर चक्क भांडण होतं, जॉश हेदरला सुनावतो की कॅमेऱ्यातून बघितलं की तुला हे खरं वाटत नाही. तुमच्या पात्राचं कारण तुमचं असू दे.

एक शेवटचं, कागदपत्रांचं. मित्र आहात म्हणून तोंडी ठरवू नका. त्या तिन्ही कलाकारांना सिनेमाच्या कमाईच्या मानाने किरकोळ पैसे मिळाले. २०२४ मध्येसुद्धा सिनेमाचे हक्क ज्या कंपनीकडे आहेत तिला जाहीर पत्र लिहून ते आपला वाटा मागत होते. स्वतःची नावं पात्रांना देऊ नका, चौघांचे टक्के आत्ताच लिहून सह्या करा. साध्या मराठीत लिहिलेलं एक पानही पुरतं सुरुवातीला, पुढे वकिलाला दाखवा. मामांनाही काहीतरी द्या.

ऑक्टोबरात शूट ठेवणार म्हणालात. पाऊस ओसरलेला असतो, रान हिरवं असतं, ते ठीक. पण ते भातकापणीचे दिवस. मावश्या शेतावर असतात, मुलाखतीला कुणी सापडणार नाही. त्या आधी गणपतीनंतर चार दिवस जाऊन फक्त मुलाखती उरकून या, कॅमेरा छोटा न्या, आणि तांदूळ पाखडणाऱ्या बाईला "थांबा, जरा आवाज येतोय" असं सांगू नका.